पाणबुड्या व्हायचे, पण शिकायचे कुठे?

परदेशी जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकण्याच्या जाहिराती मोहात पाडणाऱ्या असतात. पण देश निवडण्याआधी व्यवसाय कोणता ते ठरले नाही, तर पैसा आणि उमेदीची वर्षे दोन्ही पाण्यात जातात.

"बाबा, मी नोकरी सोडतोय. थायलंडला जाऊन सहा महिन्यांत स्कूबाचा इन्स्ट्रक्टर होऊन येतो."

रोहिणीत, नोएडात किंवा गुडगावात राहणाऱ्या एखाद्या मराठी घरात रात्रीच्या जेवणाला हे वाक्य ऐकू आले, तर आईचा हात वाढता वाढता थांबणारच. वडील शांतपणे म्हणतील, "पाण्याची सोय झाली, पण पोटाचं काय?"

प्रश्न रास्त आहे. दिल्लीपासून समुद्र हजारएक किलोमीटर दूर. घरात आजवर कुणी पाणबुड्या झालेला नाही, तेव्हा विचारायचे तरी कुणाला? मग मुलगा किंवा मुलगी अंदमानच्या सहलीत एकदा पाण्याखाली जाऊन येते, रंगीत मासे पाहून हरखते आणि परदेशातल्या शाळांची चकचकीत पत्रके गोळा करू लागते. निळे पाणी, हसरे चेहरे आणि 'शून्यापासून थेट प्रशिक्षक' अशी हमी. पत्रकात खोटे काही नसते, पण सगळे सांगितलेलेही नसते.

या व्यवसायाला तुच्छ लेखण्याचे कारण नाही. दिल्लीत राहूनही ही वाट चोखाळता येते. भारताची पहिली महिला बेस जंपर म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अर्चना सरदाना यांनी लग्नानंतर, मुले झाल्यावर आकाशाबरोबर पाण्याचीही वाट धरली आणि स्कूबा प्रशिक्षक झाल्या. प्रश्न धाडसाचा नाही, निवडीचा आहे.

दोन पाणबुडे, दोन व्यवसाय

सर्वांत मोठी गफलत 'प्रोफेशनल डायव्हर' या शब्दातच होते. या एका नावाखाली दोन अगदी वेगळे व्यवसाय येतात.

पहिला पर्यटन क्षेत्रातला. हा पाणबुड्या हौशी लोकांना पाण्याखाली नेतो, त्यांना शिकवतो आणि सुखरूप वर आणतो. पाठीवर हवेची टाकी, तोंडात श्वासनळी आणि जास्तीत जास्त ४० मीटरपर्यंतची खोली. जॅक कूस्तो आणि एमिल गान्यां यांनी १९४३ मध्ये फ्रान्समध्ये तयार केलेल्या 'अॅक्वालंग' या उपकरणातून ही हौस जगभर पसरली. पुढे तिचे शिक्षण देणाऱ्या संस्था उभ्या राहिल्या. १९५९ मध्ये सीमास, १९६० मध्ये नाउई, १९६६ मध्ये पॅडी आणि १९७० मध्ये एसएसआय.

दुसरा पाणबुड्या औद्योगिक. तो तेलविहिरींचे पाइप तपासतो, पाण्याखाली वेल्डिंग करतो, बंदरातले आणि धरणातले दुरुस्तीचे काम करतो. १९७४ मध्ये शोध लागलेल्या आणि १९७६ मध्ये उत्पादन सुरू झालेल्या 'मुंबई हाय'सारख्या तेलक्षेत्राला अशा पाणबुड्यांची गरज असते. हा माणूस सहसा पाठीवरच्या टाकीवर अवलंबून राहत नाही. त्याला हवा वरून, जहाजावरून नळीने पुरवली जाते. साधारण ५० मीटरच्या पुढचे काम असेल तर पाणबुडे जहाजावरच्या दाबबंद खोलीत आठवडेच्या आठवडे राहतात आणि तिथूनच घंटेच्या आकाराच्या कोठीतून खाली उतरतात.

आता पेच लक्षात येईल. पहिल्या प्रकारचे कितीही मोठे प्रमाणपत्र मिळवले, तरी दुसऱ्या प्रकारच्या कामाला ते चालत नाही. 'स्कूबा प्रशिक्षक झालो की तेलकंपनीत डॉलरमध्ये पगार' अशी समजूत करून घेऊन निघालेला तरुण चुकीच्या गाडीत बसलेला असतो. गाडी सुटल्यावर हे कळून उपयोग नाही.

पायऱ्या किती?

बहुसंख्य तरुणांच्या मनात असतो तो पहिला, पर्यटनाचा व्यवसाय. त्याची शिडी ठरलेली आहे. उदाहरणादाखल पॅडीची पाहू. पहिली पायरी 'ओपन वॉटर', म्हणजे १८ मीटरपर्यंत जोडीदाराबरोबर उतरण्याची पात्रता. मग 'अॅडव्हान्स्ड' आणि त्यानंतर 'रेस्क्यू', म्हणजे संकटातल्या माणसाला वाचवण्याचे आणि प्रथमोपचाराचे शिक्षण. इथपर्यंत सगळी हौसच.

व्यवसाय सुरू होतो तो 'डाइव्हमास्टर'पासून. त्यासाठी वय १८ पूर्ण हवे. सुरुवातीला ४० आणि पूर्ण करताना ६० डुबक्यांची नोंद वहीत हवी. ४०० मीटर पोहणे, पायात पंख आणि तोंडात नळी घालून ८०० मीटर कापणे, दमलेल्या माणसाला १०० मीटर ओढत नेणे, पंधरा मिनिटे पाण्यात तरंगत राहणे अशा कसोट्या असतात. त्यानंतर प्रशिक्षकाचा अभ्यासक्रम आणि स्वतंत्र परीक्षा. परीक्षेला बसताना पहिले प्रमाणपत्र मिळून किमान सहा महिने झालेले असावे लागतात आणि नोंदवहीत १०० डुबक्या असाव्या लागतात.

म्हणजे सहा महिन्यांत प्रशिक्षक होणे नियमाने अशक्य नाही. पण १०० डुबक्या एकाच बेटावर, एकाच शांत उपसागरात, एकाच मोसमात मारलेला माणूस उद्या दहा अनोळखी पर्यटकांना जोराच्या प्रवाहात नेणार असेल, तर त्याची खरी परीक्षा तिथे असते. अनुभवी मालक नोकरी देताना प्रमाणपत्राबरोबर नोंदवहीही चाळतात. गढूळ पाणी, थंड पाणी, प्रवाह, रात्र, बुडालेले जहाज यांतले काय काय तिच्यात आहे ते पाहतात.

श्रीगणेशा दिल्लीतच

परदेशी जाण्यापूर्वी दिल्लीत बरेच काही उरकता येते, आणि तेही थोड्या खर्चात.

पहिले काम डॉक्टरांकडे. प्रत्येक अभ्यासक्रमाच्या सुरुवातीला आरोग्याची प्रश्नावली भरावी लागते, आणि व्यावसायिक पायऱ्यांवर डॉक्टरांची सही लागते. दमा, फिट्स, हृदयविकार, पूर्वी फुप्फुस फाटलेले असणे, कानाच्या पडद्याचे दुखणे या गोष्टी लपवण्याच्या नाहीत. पाण्यात दर १० मीटरला वातावरणाच्या दाबाएवढा दाब वाढतो. जमिनीवर जेवढी जागा व्यापणारी हवा असते, ती १० मीटर खाली निम्म्या जागेत मावते. वर येताना ती पुन्हा फुगते. श्वास रोखून वर येणाऱ्याचे फुप्फुस त्यामुळेच धोक्यात येते आणि घाईने वर येणाऱ्याच्या रक्तात नायट्रोजनचे बुडबुडे होतात. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे एक तास घालवून 'हे शरीर या कामाचे आहे का' हे समजले, तर पुढचे लाखभर रुपये वाचू शकतात. चष्मा मात्र अडसर ठरत नाही. नंबरचे मास्क मिळतात.

दुसरे काम पोहण्याचे. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी नव्याने बांधलेल्या तालकटोऱ्याच्या श्यामाप्रसाद मुखर्जी जलतरण संकुलापासून वस्त्यावस्त्यांतल्या तलावांपर्यंत दिल्लीत पोहण्याच्या जागा आहेत. न थांबता ४०० मीटर पोहता येईपर्यंत विमानाचे तिकीट काढू नये.

तिसरे म्हणजे पहिले प्रमाणपत्र. दिल्ली परिसरात स्कूबाचे पुस्तकी शिक्षण आणि तलावातले धडे देणारी केंद्रे आहेत. तेवढा भाग इथे पूर्ण करून समुद्रातल्या डुबक्या दुसरीकडे मारण्याची सोय असते. त्यासाठी दिला जाणारा दाखला पॅडीच्या पद्धतीत वर्षभर चालतो. नोकरी न सोडता, शनिवार-रविवारी हे होते. तलावाच्या तळाशी बसून मास्कमध्ये पाणी भरून घेताना जीव घाबरतो की नाही, हे कळायला को ताओपर्यंत जायला नको.

आधी आपला समुद्र

दिल्लीतून निघालेल्या माणसाला समुद्रातल्या डुबक्यांसाठी अंदमान आठवते, आणि ते योग्यच आहे. हॅवलॉक, म्हणजे २०१८ पासूनचे स्वराज द्वीप, हे आपल्याकडचे स्कूबाचे माहेरघर. तिथे डाइव्हमास्टरपर्यंतचे आणि पुढचेही शिक्षण मिळते. दाबाच्या आजारावर उपचार करणारी यंत्रणा नौदलाच्या 'धन्वंतरी' रुग्णालयात, श्री विजयपुरम (जुने पोर्ट ब्लेअर) येथे आहे, ही जमेची मोठी बाजू.

मराठी कुटुंबाला मात्र आणखी जवळचे ठिकाण माहीत असायला हवे. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. सागरी जीवशास्त्रज्ञ डॉ. सारंग कुलकर्णी यांच्या पुढाकाराने ती उभी राहिली. खास स्कूबासाठी बांधलेला खोल तलाव, राहण्याची सोय आणि समोर सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र. पाणी अंदमानइतके निवळशंख नसते, आणि शिकणाऱ्याच्या दृष्टीने तो दोष नसून गुणच. कमी दिसणाऱ्या पाण्यात जोडीदाराला न हरवता परत यायला जो शिकला, तो स्वच्छ पाण्यात कुठेही निभावतो. दिल्लीहून विमानाने गोव्यातील मोपाला उतरून मोटारीने मालवण गाठता येते. पावसाळ्यात मात्र हे सारे बंद असते.

या किनाऱ्यावर पुढे कामही वाढण्याची चिन्हे आहेत. २०२४ मध्ये नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेले 'गुलदार' हे जहाज सिंधुदुर्गच्या निवती परिसरात समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचे संग्रहालय करण्याची योजना हाती घेण्यात आली आहे.

रेस्क्यू पायरीपर्यंतचे शिक्षण भारतात घेतले तर दोन फायदे होतात. खर्च आटोक्यात राहतो, आणि हे वेड टिकाऊ आहे की सहलीपुरते, ते घरच्यांना आणि स्वतःलाही कळते.

मग परदेशी कशासाठी, आणि कुठे?

तरीही पुढच्या पायऱ्यांसाठी परदेश विचारात घ्यावा, त्याला कारणे आहेत. जास्त डुबक्या, जगभरचे विद्यार्थी, वेगवेगळ्या भाषा आणि पुढे नोकरी देणाऱ्यांशी ओळखी.

थायलंडच्या आखातातले को ताओ हे सुमारे २१ चौरस किलोमीटरचे बेट जगात सर्वाधिक नवशिके पाणबुडे घडवणाऱ्या ठिकाणांत मोडते. दिल्लीहून बँकॉक चारएक तासांचे, पुढे चुम्फोनहून बोट. शाळा पुष्कळ, त्यामुळे चुरस आणि दर कमी. पण गर्दीही तेवढीच. ऑक्टोबरअखेरीपासून डिसेंबरपर्यंत तिथे पाऊस आणि वारा असतो, हे आपल्या पावसाच्या हिशेबाने जाणाऱ्याला ठाऊक नसते.

इंडोनेशियात गिली बेटे आणि बाली. बालीतल्या तुलाम्बेनला १९४२ मध्ये पाणतीराने जायबंदी झालेले 'लिबर्टी' हे जहाज किनाऱ्याला लागले होते. १९६३ च्या ज्वालामुखीच्या उद्रेकात ते समुद्रात सरकले, आणि आज किनाऱ्यावरून चालत जाऊन त्याच्यापाशी उतरता येते. पुढे कोमोडोच्या बाजूला प्रवाह जबरदस्त. पहिली वीस डुबक्या झालेल्याने तिथे शिकायला जाऊ नये, शंभर झालेल्याने अवश्य जावे.

इजिप्तमधले दाहाब लाल समुद्रावर. पाणी नितळ आणि खोली किनाऱ्यालाच सुरू होते. हिवाळ्यात पाणी थंड, त्यामुळे जाड पोशाखाचा सराव होतो. होंडुरासमधले उटिला स्वस्त म्हणून प्रसिद्ध आहे. पण दिल्लीहून तिथे पोचायचे तर लांबलचक विमानप्रवास आणि वाटेतल्या देशांचे व्हिसा धरून ते स्वस्त राहते का, हा हिशेब आधी कागदावर मांडावा.

ठिकाणापेक्षा मोठा प्रश्न शिक्षकाचा. एकाच संस्थेचे फलक लावलेल्या दोन शाळांत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो. ओपन वॉटरच्या वर्गात समुद्रात एका प्रशिक्षकामागे जास्तीत जास्त आठ विद्यार्थी, ही पॅडीची मर्यादा आहे. चांगल्या शाळा त्याहून कमीच घेतात. डाइव्हमास्टरचे शिक्षण म्हणून तीन महिने नुसत्या टाक्या उचलायला लावणारी शाळा आणि रोज एक विषय बसून शिकवणारी शाळा यांचे शुल्क सारखेच असेल, पण शिक्षण सारखे नसते. म्हणून पैसे भरण्याआधी तिथे शिकून गेलेल्या दोन-तीन जणांशी बोलावे. शक्य असेल तर आठवडाभर पाहुणा म्हणून जाऊन डुबक्या माराव्यात आणि मग ठरवावे.

पत्रकातल्या आकड्यातही अनेकदा सगळे नसते. पुस्तके, परीक्षेचे वेगळे शुल्क, सभासदत्व, विमा, स्वतःची उपकरणे, राहणे-जेवणे हे जमेला धरले की डाइव्हमास्टर ते प्रशिक्षक हा प्रवास काही लाखांच्या घरात जातो. पगार मात्र मोसमी असतो आणि पुष्कळदा विद्यार्थ्यांच्या संख्येवर ठरतो. दिल्लीतल्या ऑफिसातला पगार आणि हा पगार यांची तुलना प्रामाणिकपणे करूनच पाऊल उचलावे.

पर्यटकाचा व्हिसा, कामाचा परवाना

'आमच्याकडे शिका, इथेच नोकरी करा' हे आश्वासन सर्वांत सांभाळून घ्यावे. पर्यटक म्हणून गेलेल्याला पगारी काम करता येत नाही. थायलंडमध्ये परदेशी माणसाला शिकवायचे तर कामाचा परवाना लागतो. तो नसताना काम करणाऱ्याला दंड होतो, परत पाठवले जाते. मालदीवसारख्या देशात परवाना मालकाच्या नावाने मिळतो, म्हणून नियुक्तीचे पत्र हाती आल्याशिवाय निघू नये. भारतीय पर्यटक जिथे जातात, तिथे हिंदी येणारा प्रशिक्षक उपयोगी पडतो, ही आपल्या मुलांची जमेची बाजू.

दलालामार्फत परदेशी नोकरीला जायचे असेल, तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे का, हे मंत्रालयाच्या 'ई-मायग्रेट' व्यवस्थेत पाहता येते. दिल्लीत राहणाऱ्यांना तर सगळ्या वकिलाती हाकेच्या अंतरावर. शिक्षणाच्या काळात कोणता व्हिसा लागतो, हे शाळेकडून नव्हे तर तिथून विचारून घ्यावे.

तेलविहिरीची वाट

ज्याला औद्योगिक पाणबुड्याच व्हायचे आहे, त्याने बेटांची पत्रके बाजूला ठेवावीत. त्याने विचारायचा प्रश्न एकच: या शाळेचे प्रमाणपत्र 'इम्का' या सागरी कंत्राटदारांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या मान्यतेच्या यादीत आहे का? ब्रिटनचे एचएसई, ऑस्ट्रेलियाचे एडास, कॅनडाचे डीसीबीसी ही नावे या क्षेत्रात चालतात. हे शिक्षण स्कूबाच्या कितीतरी पट महाग, आणि नामवंत शाळाही कायमची असते असे नाही. स्कॉटलंडमधले फोर्ट विल्यमचे प्रसिद्ध केंद्र २०१९ मध्ये बंद पडले आणि पुढे नव्या व्यवस्थेखाली सुरू झाले. म्हणून सगळे शुल्क एकरकमी भरू नये. वेल्डिंग, फिटिंग किंवा यंत्रदुरुस्तीचे काम आधी हातात असेल, तर पाण्याखाली त्याला किंमत येते. आयटीआय झालेला मुलगा इथे पदवीधराच्या पुढे असतो.

तिसरी वाट वर्दीची. नौदलाची पाणबुड्यांची शाळा कोचीला आहे. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाच्या तुकड्यांतही प्रशिक्षित पाणबुडे असतात. या दलाची आठवी बटालियन तर दिल्लीला लागून गाझियाबादलाच आहे. या वाटेला परदेशाची गरज नाही, पण भरतीच्या वयाची अट आहे. पंचविशीत आलेल्याने हा विचार आधी करावा, शेवटी नव्हे.

पैसे भरण्यापूर्वी विचारा

• मला पर्यटनात काम करायचे आहे की उद्योगात? हे प्रमाणपत्र तिथे चालते का?
• शुल्कात काय धरलेले नाही, आणि मध्येच सोडल्यास किती परत मिळेल? दोन्ही लेखी हवे.
• प्रत्यक्ष शिकवणार कोण, आणि एका वेळी किती विद्यार्थी?
• जवळची दाबउपचाराची खोली किती तासांवर? बोटीवर प्राणवायू असतो का?
• पाणबुड्यांचा विमा आहे का? साध्या प्रवासविम्यात स्कूबा अनेकदा धरलेले नसते.
• परतीच्या विमानाआधी एक पूर्ण दिवस कोरडा ठेवला आहे का? अनेक दिवसांच्या डुबक्यांनंतर किमान १८ तास विमानात बसू नये, असा तज्ज्ञांचा सल्ला आहे.
• मुलगी एकटी जात असेल, तर राहण्याची सोय शाळेच्या जबाबदारीवर आहे का?

जेवणाच्या ताटावर सुरू झालेला तो संवाद 'हो' किंवा 'नाही'ने संपवू नये. "आधी डॉक्टरांकडे जाऊ. हिवाळ्यात तारकर्लीला जाऊन ये. रेस्क्यूपर्यंत पोचलास की थायलंडचं बोलू," असे वडील म्हणाले, तर मुलाचे स्वप्नही मोडत नाही आणि घरची पुंजीही शाबूत राहते. पाण्याखाली उतरताना पाणबुडे एक नियम पाळतात. दर मीटर-दीड मीटरला थांबायचे, कान मोकळे करायचे आणि मगच पुढे जायचे. कान दुखू लागले तर थोडे वर यायचे, जोर करायचा नाही. हा व्यवसाय निवडतानाही तेच धोरण बरे. सावकाश उतरणाराच खोलवर जातो.